उभी छत्री आणि उज्जैनचे ऊन

गोल्फच्या सरावासाठी वापरतात ती उभी छत्री म्हणजे कुणी हातात न धरता, स्वतःच्या पायावर जमिनीवर उभी राहणारी मोठी छत्री. कापड, ते ताणून धरणाऱ्या काड्या, दांडा आणि पाया हे तिचे मुख्य भाग. बऱ्या प्रतीच्या छत्रीत दांडा आणि काड्या यांच्यामध्ये एक सांधा असतो. तो सैल करून कापड हव्या त्या दिशेला कलते करता येते आणि पुन्हा आवळता येते. दुकानात गिऱ्हाईक कापडाचा रंग आणि व्यास पाहते. वापरू लागल्यावर मात्र सगळी कसोटी लागते ती या सांध्याची आणि पायाची.

गोल्फची हातातली छत्री नेहमीच्या छत्रीपेक्षा बरीच मोठी, साधारण ६० ते ६८ इंच पसाऱ्याची असते. खेळ चालू असताना खेळाडू मैलोगणती चालतो, त्यामुळे ती हातात, नाहीतर गाडीला खोचलेली असते. सरावाची गोष्ट वेगळी. बादलीभर चेंडू घेऊन माणूस तास-दोन तास एकाच जागी उभा राहतो, दोन्ही हात काठीत गुंतलेले असतात आणि छत्री धरायला कुणी सोबत नसतो. उभ्या छत्रीची गरज इथूनच निघते. उज्जैनमध्ये गोल्फ फारसा रुळलेला नाही. महूच्या लष्करी छावणीत गोल्फचे मैदान आहे, पण उज्जैनच्या हौशी माणसाचा रोजचा सराव म्हणजे शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर जाळी बांधायची आणि हिरव्या चटईवरून तिच्यात चेंडू मारायचे. प्रस्तुत लेखकाचा अनुभव अशाच एका उघड्या प्लॉटवरचा आहे. तिथे झाड नाही, शेड नाही, आणि चैत्र लागला की सकाळी नऊलाच चटई पायाला चटके देऊ लागते.

छत्रीचा विचार सावलीपासून सुरू करावा लागतो आणि सावलीचा विचार करायला उज्जैनइतके सोयीचे गाव दुसरे नसेल. हे शहर २३ अंश ११ कलांच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. कर्कवृत्त आज जाते ते उत्तरेला, महिदपूरकडच्या डोंगला गावाजवळून. या जागेचे महत्त्व विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ओळखले आणि पुढे तिथे वेधशाळा उभी राहिली. उज्जैनच्या शिप्राकाठची जुनी वेधशाळा सवाई जयसिंहाची, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिची डागडुजी झाली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली ती पुन्हा कामाला लागली. २१ जूनला दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी तिथल्या शंकूची सावली नाहीशी होते, आणि ती पाहायला दरवर्षी लोक जमतात. काटेकोर बोलायचे तर त्या क्षणी सूर्य डोक्यापासून पाव अंश उत्तरेला असतो. मीटरभर उंच काठीची सावली चार-पाच मिलिमीटर उरते, म्हणजे डोळ्यांना नाहीच. जूनच्या मध्यापासून अखेरीपर्यंत माध्यान्हीची स्थिती जवळजवळ अशीच असते, अर्थात ढगांनी सूर्य दिसू दिला तर.

छत्रीच्या दृष्टीने याचा अर्थ असा. दोन मीटर उंचीवर आडवे पसरलेले, १८० सेंटिमीटर व्यासाचे कापड घेतले, तर माध्यान्ही त्याची सावली बरोबर दांड्याभोवती पडते. पुढे सूर्य कलू लागतो आणि सावली पूर्वेला सरकते. पावणेदोन तासांत, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास, ती दांड्याच्या पायथ्याला सोडून जाते. साडेतीनला सावलीचा मध्य पायथ्यापासून पावणेदोन मीटरवर गेलेला असतो. हवेचे तापमान मात्र माध्यान्हीला नव्हे, तर अडीच ते चारच्या दरम्यान टिपेला पोचते. थोडक्यात, सर्वांत जास्त तापते तेव्हाच आडव्या छत्रीखाली बसलेला माणूस उन्हात असतो. हॉटेलांच्या हिरवळीवरच्या सुंदर, सरळसोट छत्र्या दुपारी ओस का पडतात, त्याचे कारण इथे आहे. खुर्च्या सावलीमागे हलवत नेण्यापेक्षा पाहुणे आत जाणे पसंत करतात.

उभ्या छत्रीचा उज्जैनमधला सर्वांत जुना आणि जाणता वापर पाहायचा तर रामघाटावर जावे. शिप्रेच्या पायऱ्यांवर तीर्थपुरोहितांच्या छत्र्या उभ्या असतात. खाली लाकडी तख्त, त्यावर सतरंजी, पूजेचे साहित्य, वह्या, आणि वर रंग विटलेली मोठी छत्री. पितृकार्यासाठी, नाहीतर मंगळनाथाच्या भातपूजेच्या निमित्ताने उज्जैनला आलेली मराठी कुटुंबेही यांपैकी एखाद्या छत्रीखाली टेकतात. बारकाईने पाहिले तर या छत्र्या वाटतात त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या दिसतात. उभ्या माणसाला वाकून आत शिरावे लागते. त्यात गैरसोय दिसली तरी हिशेब आहे. कापड आणि माणूस यांच्यातले अंतर जितके कमी, तितकी सावली कमी सरकते. बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून कापड अर्ध्या मीटरवर असेल तर साडेतीनलाही सावली हातभरच हललेली असते आणि तख्तावर थोडे सरकून बसले की काम भागते.

पायाची अडचणही घाटावर वेगळ्या रीतीने सोडवलेली आहे. दगडी फरसबंदीत खड्डा घेता येत नाही. मग लोखंडी पाइप तख्तालाच जखडायचा किंवा तख्ताच्या फटीतून खाली उतरवायचा, बुडाशी एखादा जड दगड ठेवायचा, आणि उरलेले वजन पुरोहिताने व यजमानाने स्वतः बसून द्यायचे. तख्तावर तीन-चार माणसे बसली की छत्रीला दोन-अडीच क्विंटलांचा आधार आपोआप मिळतो. माणसे उठली की तो जातो, हेही तितकेच खरे. घाटावरच्या एका वयस्कर गुरुजींना याविषयी विचारल्यावर त्यांनी आपला क्रम सांगितला, “वारा सुटला की आधी छत्री मिटायची, मग पोथी. पोथी उडाली तर कुणी आणून देतो, छत्री उडाली तर कुणाला तरी लागते.” पावसाळ्यात शिप्रेला पूर येतो, रामघाटावरची देवळे पाण्यात जातात, आणि त्याआधी छत्र्या, तख्ते वर नेलेली असतात.

गोल्फ खेळणाऱ्याला घाटावरची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. तो उभा असतो आणि त्याच्या हातात काठी असते. ड्रायव्हर या सर्वांत लांब काठीची लांबी साधारण ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरहून थोडी कमी. काठी मागे नेताना आणि फटका मारून झाल्यावर तिचे टोक डोक्याच्या बरेच वर जाते, पाठीमागेही जाते. डोक्यावर, जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटरवर कापड असेल तर पहिल्याच फटक्यात काठी काड्यांत अडकेल. ते टाळायला छत्री तीन मीटरवर न्यावी, तर सावली हाताबाहेर जाते आणि वाऱ्याचा जोर वाढतो. म्हणजे डोक्यावर छत्र धरणे ही कल्पना या कामापुरती सोडूनच द्यावी लागते.

तिला पर्याय मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. राजचिन्हांत छत्राबरोबर अब्दागिरी असते. लांब काठीच्या टोकाला पानाच्या आकाराची, कापडाने मढवलेली, झालर लावलेली सपाट चकती. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यातही ती दिसते. छत्र डोक्यावर धरतात. अब्दागिरी धरणारा सूर्याच्या बाजूला, काही पावलांवर चालतो आणि चकती उन्हाच्या वाटेत आडवी धरतो. छत्र माध्यान्हीच्या कामाचे, तर अब्दागिरी तिरप्या उन्हासाठी. १८१० पर्यंत उज्जैन शिंद्यांची राजधानी होती, तेव्हा या शहराने दोन्ही पुष्कळ पाहिली असणार. गोल्फच्या सरावाची उभी छत्री दिसायला छत्रासारखी असली तरी तिचे काम अब्दागिरीचे आहे. हे ध्यानात घेऊन ती मांडली तरच उपयोगी पडते. माणसे तिला बागेतल्या छत्रीसारखी डोक्यावर उभी करू पाहतात आणि मग छत्रीलाच नावे ठेवतात.

मांडणीचा हिशेब सोपा आहे. काठीच्या फेरीपासून सुरक्षित राहायचे तर दांडा खेळाडूपासून निदान दोन मीटर लांब हवा. कापडाचा मध्य जमिनीपासून २.४ मीटरवर आणि सावली हवी ती छातीच्या, म्हणजे १.२ मीटर उंचीवर, असे धरू. जूनमध्ये उज्जैनला सकाळी आठ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २९ अंश वर असतो. त्या वेळी सावली छातीच्या उंचीवर कापडापासून २.१६ मीटर दूर पडते. अगदी हवी तिथे. साडेनऊला सूर्य ४९ अंशांवर चढतो आणि हेच अंतर एक मीटरवर येते. सावली हवी तर दांडा एक मीटरवर आणावा लागेल, म्हणजे काठीच्या वाटेतच. दुपारनंतर हाच क्रम उलटा होतो. चारच्या सुमारास अंतर १.३ मीटर असते आणि पाचला पुन्हा दोन मीटरपलीकडे जाते. यावरून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. उज्जैनच्या उन्हाळ्यात ही छत्री सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचार-पाचनंतर फटका मारतानाही सावली देते. मधल्या वेळात ती दोन फटक्यांच्या मध्ये टेकण्यापुरती, पाण्याची बाटली आणि चेंडूंची बादली थंड ठेवण्यापुरती उरते. माळव्यात उन्हाळी दुपार कडक आणि रात्र सुखाची असते, त्यामुळे स्थानिक माणूस तसाही मधल्या वेळात बाहेर पडत नाही. छत्री विकणाऱ्याने मात्र ही मर्यादा सांगितलेली कधी ऐकिवात नाही.

खेळाडूने तोंड कुठे करायचे, हेही यातच येते. फटका मारताना काठीची फेरी शरीराच्या समोर आणि दोन्ही बाजूंना असते. पाठीमागे, टाचांच्या बाजूला थोडे अंतर सोडले की तिथली जागा मोकळी असते. म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा आणि छत्री पाठीमागे उभी करावी. उजव्या हाताने खेळणारा सकाळी पूर्वेला पाठ करून उभा राहिला तर त्याचा चेंडू दक्षिणेकडे जातो. संध्याकाळी पश्चिमेला पाठ केली तर उत्तरेकडे. डावखुऱ्याचे याच्या नेमके उलट. चेंडू उत्तर-दक्षिण जातील अशी जाळी बांधली आणि दोन्ही तोंडांनी वापरता येईल अशी ठेवली की दोन्ही वेळा छत्री कामाला येते. प्लॉटच्या कुंपणाला समांतर दिसावी म्हणून पूर्व-पश्चिम माऱ्यासाठी बांधलेली जाळी पुन्हा सोडून फिरवावी लागते, आणि ते काम भर उन्हातले असते.

सावलीची कड हा एक वेगळाच त्रास. चेंडू निम्मा उन्हात आणि निम्मा सावलीत असला की नजर ठरत नाही. पांढरा चेंडू एका बाजूने लखलखतो, दुसऱ्या बाजूने करडा दिसतो आणि काठीचे पाते चेंडूच्या आधीच चटईला घासते. संध्याकाळी चार ते पाच या तासात सावली सुमारे ८५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे दर वीस मिनिटांनी वीतभराहून जास्त. कलता सांधा असेल तर तेवढ्याच वेळाने उठून कल बदलायचा. सांधा नसेल तर अख्खा पाया ओढायचा. बादली संपली की कल बदलायचा, अशी सवय लावून घेतली की वेगळे लक्ष ठेवावे लागत नाही.

आता वारा. या छत्रीचे बहुतेक प्रश्न सावलीचे वाटतात, पण ती पडते वाऱ्याने. एप्रिल ते जून माळव्यात वारा मुख्यतः पश्चिमेचा, वायव्येचा असतो. दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेचेच. म्हणजे ऊन अडवायला छत्री ज्या बाजूला झुकवावी, त्याच बाजूने वारा तिच्यावर येतो आणि ती पडली तर खेळाडूच्या अंगावर पडते. सकाळी उलटे. सूर्य पूर्वेला, म्हणून छत्रीची पाठ पूर्वेला आणि पोकळ बाजू पश्चिमेला. तेव्हा वारा पोकळीत भरतो. अर्ध्या गोलाच्या पोकळ बाजूवर वारा आला तर फुगीर बाजूच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट ओढ लागते. वाऱ्याचा वेग मोजण्याच्या यंत्राच्या वाट्या याच फरकावर फिरतात. छत्री अर्ध्या गोलाइतकी खोल नसते, तरी फरक जाणवण्याइतका असतो. सकाळचा वारा मंद असतो म्हणून निभावते, पण त्याच झुळकीने छत्री उलटीही होते, काड्या आकाशाकडे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे सूत्र पाठ असलेल्यांनाही त्याचा अर्थ छत्री उभी करेपर्यंत कळत नाही. स्थूल हिशेब पाहू. १८० सेंटिमीटर व्यासाची छत्री ३० अंश कलवली तर वाऱ्यासमोर तिचे सुमारे सव्वा चौरस मीटर क्षेत्र येते. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात तिच्यावर अडीच किलोच्या आसपास जोर येतो. तो दोन मीटर उंचीवर असल्याने तिला उलथू पाहतो. अर्धा मीटर रुंद पाया असेल तर तिला धरून ठेवायला साधारण २० किलो वजन लागते. वारा ताशी ५४ किलोमीटर झाला तर तेच वजन १४० किलोच्या पुढे जाते. वाऱ्याचा वेग पावणेतीन पट, वजन सातपट. पाण्याने भरायचे प्लॅस्टिकचे जे पाये मिळतात त्यांत पंधरा-वीस लिटर पाणी मावते, म्हणजे पंधरा-वीस किलो. उन्हाळी सकाळच्या झुळकेला ते पुरते. वैशाखातल्या संध्याकाळी धुळीचा लोट आला की पुरत नाही. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थ चालू असताना उज्जैनला आलेल्या वादळी पावसात मोठे मंडप कोसळले आणि माणसे दगावली. मांडववाल्यांनी दोर, खुंटे, खांब लावून बांधलेली ती कामे होती. एका पाइपवर उभ्या छत्रीची गत वेगळी सांगायला नको.

वजन वाढवत नेणे हा याला एकच उपाय नव्हे, आणि तो चांगलाही नव्हे. उलथण्याला विरोध वजनाने होतो तसा पायाच्या लांबीनेही होतो. छत्री ज्या बाजूला पडणार त्या बाजूला पाया लांब हवा. संध्याकाळी ती पूर्वेकडे, खेळाडूच्या दिशेने पडणार. तेव्हा पायाखाली एक ताठ फळी बोल्टने जखडून ती खेळाडूच्या चटईखालपर्यंत, दोन मीटर न्यावी. मग छत्री उलथायची तर फळीच्या त्या टोकावरून उलथावी लागते आणि वीस किलोचाच पाया ५४ किलोमीटरच्या वाऱ्यालाही कसाबसा तोंड देतो. शिवाय चटईवर उभ्या खेळाडूचे वजन फळीवर पडते. घाटावरच्या तख्ताची हीच रीत आहे, फक्त तिथे माणूस बसलेला असतो. प्लॉटवर हे करून पाहिले तेव्हा साधा प्लायवूड मधोमध वाकला आणि छत्री झोके घेऊ लागली. खाली दोन सागवानी पट्ट्या आडव्या मारल्यावर ती ठरली. फळीची कड चटईखाली उंचवटा करते आणि डावा पाय त्यावर आला की तोल बिघडतो. त्यासाठी चटईच्या उरलेल्या भागाखालीही तेवढ्याच जाडीचे तुकडे घालावे लागतात. सुताराने हे सगळे पाहून, छत्रीच्या किमतीपेक्षा लाकूड महाग पडले, एवढेच म्हटले.

जमिनीत खुपसायच्या टोकदार खिळ्याच्या पायाविषयी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण गोल्फच्या सामानात तो सर्वांत जास्त मिळतो. हिरवळीवर, ओलसर भुसभुशीत मातीत तो उत्तम. उज्जैनच्या भोवती मात्र माळव्याची काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. मे महिन्यात ती विटेसारखी कडक होते, खिळा हातोड्याने ठोकावा लागतो, आणि ठोकला तर नेमका भेगेत जाऊन लटपटत राहतो. पहिल्या दोन पावसांनंतर तीच माती लोण्यासारखी होते आणि खिळा छत्रीच्या वजनानेच कलतो. कार्तिक ते माघ या काळात तो बरा धरतो, पण तेव्हा सावलीची तितकी गरज नसते. २२ डिसेंबरला उज्जैनला माध्यान्हीचा सूर्यही ४३ अंशांच्या आसपासच असतो आणि लोक छत्री सोडून उन्हात बसायला जागा शोधतात.

बाजारातल्या फेरीवाल्यांनी पायाचा प्रश्न आपल्या परीने कधीच सोडवला आहे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा किंवा जुने टायर, मधोमध उभा लोखंडी पाइप, भोवती सिमेंट-खडी. आतल्या पाइपात छत्रीचा दांडा सोडायचा आणि बाजूच्या भोकातून बोल्ट आवळायचा. पंधरा लिटरच्या डब्यात सिमेंट-खडी भरली की पस्तीस किलोच्या घरात वजन होते, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या दुपटीहून जास्त. टायरचा पाया आणखी सोयीचा, कारण तो आडवा करून घरंगळत नेता येतो. गोल्फसाठी विकत मिळणाऱ्या देखण्या पायांपेक्षा हा कमी खर्चाचा आणि जास्त भरवशाचा आहे, असे अनुभवाने म्हणता येते. फक्त पाइप आणि दांडा यांच्यात फट राहिली तर दांडा खुळखुळतो. सायकलच्या ट्यूबचा पट्टा दांड्याला गुंडाळला की तो घट्ट बसतो.

कापडाविषयी गैरसमज बरेच आहेत. छत्री हवा थंड करत नाही. सावलीत आणि उन्हात हवेचे तापमान जवळजवळ तेच असते. फरक पडतो तो थेट अंगावर येणाऱ्या उन्हाच्या तापाचा. स्वच्छ आकाशात डोक्यावरचा सूर्य दर चौरस मीटरला एक किलोवॅटच्या आसपास ताप ओततो, तो कापड आपल्या अंगावर घेते. त्यामुळे कापड स्वतः तापते आणि खाली ऊब टाकते. गडद रंगाचे एकेरी कापड डोक्याच्या अगदी जवळ असेल तर ही ऊब स्पष्ट जाणवते. वरून चंदेरी लेप आणि खालून गडद रंग ही जोडी म्हणूनच बरी. लेप ऊन परतवतो आणि गडद आतली बाजू चटईवरून उसळलेला उजेड डोळ्यांत जाऊ देत नाही. पांढरे पातळ सुती कापड दिसायला थंड, पण त्यातून ऊन गाळून येते. अतिनील किरणांसाठी कापडावर ५० असा आकडा छापलेला असेल तर त्यातून पन्नासातला एक हिस्साच पार होतो. तरीही छत्रीखाली कातडी रापते, कारण हे किरण अख्ख्या आकाशातून विखरून बाजूने येतात. गवत, माती आणि पाणी त्यांतले दहा टक्क्यांहून कमीच परतवतात, कोरडी वाळू पंधराच्या आसपास. अब्दागिरीसारखी लांब उभी केलेली छत्री आकाशाचा फार थोडा भाग झाकते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तिच्यामुळे सुटत नाहीत.

काड्यांची गोष्ट जुनी आहे. १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डजवळच्या सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारखा आकार दिलेल्या पोलादी काड्या केल्या. कमी पोलादात जास्त ताठपणा आला, आणि नेहमीच्या छत्रीत हाच आकार अजून चालतो. मोठ्या छत्रीत आता फायबरग्लासच्या काड्या जास्त दिसतात. त्या वाकतात आणि वारा ओसरल्यावर परत सरळ होतात. पोलादी काडी एकदा मुडपली की मुडपलीच. वरच्या बाजूला कापडाचे दोन थर आणि मध्ये फट ठेवलेली छत्री वाऱ्यात खरेच बरी वागते. खालून शिरलेला वारा फटीतून निघून जातो आणि उलटे होणे टळते. पण समोरून येणाऱ्या वाऱ्याचा रेटा त्याने फारसा कमी होत नाही. दुथरी छत्री मोडत नाही म्हणून पडतही नाही, असे समजणारे तिला हलक्या पायावर उभी करतात.

पावसासाठी हीच छत्री वापरायची तर पुन्हा तोच नियम, तिरपेपणाचा. मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर पाऊस तीस अंशांहून जास्त तिरपा येतो. त्या बाजूला छत्री कलवली की तिने वारा पूर्ण अंगावर घेतला. ओले कापड जड होते, पाया चिखलात खचतो. पावसात सराव करायचाच असेल तर पत्र्याखाली करावा. शिवाय माळव्यातला पाऊस विजांसह येतो आणि वीज पडून सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेशाचा क्रम वरचा आहे. मोकळ्या प्लॉटवर सर्वांत उंच वस्तू ही छत्री असते. फायबरग्लासचा दांडा वीज ओढत नाही, अशी जाहिरात असते. ओल्या दांड्याच्या बाबतीत आणि मोकळ्या जागी उभ्या माणसाच्या बाबतीत तिला काही अर्थ नाही. १९७५ मध्ये शिकागोजवळ वेस्टर्न ओपन स्पर्धेत ली ट्रेव्हिनो आणि जेरी हर्ड या नामांकित खेळाडूंना विजेचा झटका बसला होता. वीज पडण्याचा धोका वाटला तर पंचांची वाट न पाहता खेळ थांबवण्याची मुभा गोल्फच्या नियमांतच आहे. सरावाला तर परवानगीचाही प्रश्न नाही. पहिला गडगडाट ऐकू आला की छत्री तिथेच सोडून घर किंवा मोटार गाठायची.

ही छत्री सरावापुरतीच का, याचे उत्तरही नियमांत सापडते. फटका मारताना ऊन, पाऊस किंवा वारा यांपासून बचावासाठी दुसऱ्या माणसाला किंवा वस्तूला मुद्दाम आडोशाला उभे करता येत नाही. तसे केले तर दंडाचे फटके वाढतात. फटक्याच्या आधी असा आडोसा चालतो. खेळाडूने स्वतःच्या हाताने डोक्यावर छत्री धरून दुसऱ्या हाताने फटका मारलेलाही चालतो, आणि हिरवळीवरच्या हलक्या टोल्यांना पावसात कुणी कुणी तसे करतातही. म्हणजे उभ्या छत्रीच्या सावलीत महिनोन्महिने सराव केलेल्याला स्पर्धेत उघड्या उन्हातच फटका मारावा लागतो. नजरेला त्याची सवय राहावी म्हणून सरावातले शेवटचे काही चेंडू छत्री मिटून मारणे शहाणपणाचे.

निगा फार लागत नाही, पण लागते ती वेळेवर. धूळ काड्यांच्या सांध्यांत बसते आणि छत्री उघडताना करकर वाजू लागते. कोरड्या कुंचल्याने ती झाडावी. तेल घातले तर धूळ आणखी चिकटते. कापड कधीही ओले मिटू नये, बुरशीचे डाग निघत नाहीत. दिवसभर उघडी ठेवलेली छत्री दोन उन्हाळ्यांत विटते, शिवणी आधी उसवतात आणि मग कापड काडीच्या टोकापासून सुटते. टोकाशी दोऱ्याचे चार टाके वेळेत घातले तर आणखी एक हंगाम निघतो. उज्जैनच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारे पाऊस तोंडावर आला की बसू लागतात, पण मोठ्या छत्रीच्या मापाची काडी त्यांच्याकडे सहसा नसते. जुन्या मोडक्या छत्रीच्या काड्या जपून ठेवलेल्या बऱ्या. पाण्याचा प्लॅस्टिक पाया उन्हात ठेवला की तडकतो, म्हणून तो सराव झाल्यावर रिकामा करून सावलीत न्यावा. सिमेंटचा पाया जागेवर राहिला तरी चालतो. फक्त पावसाआधी त्याच्या पाइपावर जुना डबा पालथा घालावा, नाहीतर आत पाणी साचून पाइप गंजतो आणि दिवाळीनंतर दांडा आत जात नाही.